माझ्याकडे तर चालतंय! : वैज्ञानिक सॉफ्टवेअर बसवण्याच्या खटाटोपाचा आढावा

२०१९ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात सर्गेई मंगुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या परीक्षेचा निकाल छापला. जनुकीय माहितीचं विश्लेषण करणारी ९८ सॉफ्टवेअरं त्यांनी निवडली आणि एकेक करून संगणकावर बसवून पाहिली. सहज बसली ती ५१ टक्के. २८ टक्के काही केल्या बसलीच नाहीत. बसवणारी माणसं याच विषयात काम करणारी होती, म्हणजे ‘त्यांना येत नसेल’ असं म्हणायची सोय नाही. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट दिसली: जे सॉफ्टवेअर सुखासुखी बसतं, त्याच्या निबंधाचे दाखलेही जास्त दिले जातात.

त्याआधी ॲरिझोना विद्यापीठातल्या ख्रिश्चन कोलबर्ग आणि टॉड प्रोब्स्टिंग यांनी खुद्द संगणकशास्त्राचंच घर तपासलं होतं. त्यांनी घेतलेल्या ६०१ निबंधांपैकी ४०२ निबंधांचे निष्कर्ष कोडवर उभे होते. त्यांतले जेमतेम एक तृतीयांश असे निघाले, की ज्यांचं कोड मिळालं आणि अर्ध्या तासात तयारही झालं. बऱ्याच ठिकाणी कोड हाती लागण्यावरच घोडं अडलं. २०२२ मध्ये हार्वर्डच्या डेटाव्हर्स भांडारातल्या नऊ हजारांहून जास्त ‘आर’ या भाषेतल्या फायली चालवून पाहण्यात आल्या. पहिल्या फटक्यात त्यांतल्या ७४ टक्के अडल्या. फायली थोड्या साफसूफ करून पुन्हा चालवल्या, तरी निम्म्याहून जास्त अडल्याच.

हे आकडे आधी सांगितले ते एवढ्यासाठी, की आपल्याकडे प्रयोगशाळेत नव्यानं आलेला विद्यार्थी रात्री अकरा वाजता लाल अक्षरांकडे बघत बसलेला असतो आणि त्याला वाटतं, चूक आपलीच. वरच्या वर्गातला दादा येऊन म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालतंय!’ आणि त्या बिचाऱ्याची उरलीसुरली हिंमतही जाते. खरं तर दादाचं वाक्य हा निवाडा नसून पुरावा आहे. एकच कोड दोन संगणकांवर दोन तऱ्हांनी वागत असेल, तर दुखणं कोडच्या बाहेर, त्या दोन संगणकांच्या फरकात आहे. तो फरक कुठे असतो, तो मिटवायला गेल्या चाळीसेक वर्षांत काय काय झालं आणि आज कुणी कुठली वाट धरावी, एवढ्याचा हा आढावा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअर बसताना जे बिघाड होतात, त्यांतल्या बहुतेकांत हवी ती वस्तू संगणकावर नसते असं नाही. ती असते, पण संगणकाला तिच्याआधी तिच्याच नावाची दुसरी सापडते, किंवा तो भलत्याच जागी शोधत बसतो. एररचं वाक्य मात्र बहुतेकदा ‘सापडलं नाही’ असंच म्हणतं. माणूस मग तीच वस्तू पुन्हा उतरवून घेतो, आणि आता तिच्या दोनाच्या तीन प्रती होतात.

पत्त्याचा घोळ

टूलबॉक्स हा शब्द रूढ केला मॅटलॅबने, म्हणून तिथूनच सुरुवात करू. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवणाऱ्या क्लीव्ह मोलर यांना वाटत होतं, की विद्यार्थ्यांनी फोर्ट्रान न लिहिताही लिनपॅक आणि आइसपॅक ही रेषीय बीजगणिताची सॉफ्टवेअरं वापरावीत. त्यासाठी त्यांनी मॅटलॅब लिहिलं, आणि १९८४ मध्ये त्यातून मॅथवर्क्स कंपनी उभी राहिली. मॅटलॅबचा टूलबॉक्स म्हणजे बहुतेक वेळा फंक्शनच्या फायलींनी भरलेला एक फोल्डर. तो बसवायचा म्हणजे त्याचा पत्ता मॅटलॅबच्या शोधयादीत, म्हणजे पाथमध्ये घालायचा. वरकरणी याहून सोपं काही नाही.

गंमत इथेच सुरू होते. मेंदूतल्या विद्युत लहरींच्या अभ्यासासाठी नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या डॉन्डर्स संस्थेत तयार झालेला फील्डट्रिप हा टूलबॉक्स घ्या. त्याचे कर्ते बजावून सांगतात, की फक्त वरचा फोल्डर पाथमध्ये घाला आणि ‘एफटी डिफॉल्ट्स’ ही आज्ञा द्या, पोटातले सगळे फोल्डर घालू नका. नवखा माणूस नेमकं तेच करतो. ‘जेनपाथ’ वापरून सगळं एका झटक्यात घातलं, की त्याला काम चोख झाल्यासारखं वाटतं. पण फील्डट्रिपच्या पोटात जुन्या मॅटलॅबसाठी ठेवलेल्या पर्यायी फायली असतात, आणि त्यांची नावं मॅटलॅबच्या स्वतःच्या फंक्शनसारखीच असतात. सगळे फोल्डर यादीच्या डोक्यावर चढले, की नव्या मॅटलॅबमधलं चांगलं चालणारं फंक्शन मागे पडतं आणि जुनं पुढे येतं. एरर मग फील्डट्रिपचं नावही घेत नाही. मॅटलॅबचं साधं, रोजचं फंक्शन बिघडल्यासारखं दिसतं आणि माणूस मॅटलॅबच पुन्हा टाकायला घेतो. अशा वेळी ‘व्हिच’ या आज्ञेला ‘ऑल’ जोडून फंक्शनचं नाव दिलं, तर त्या नावाच्या जेवढ्या फायली पाथवर आहेत तेवढ्या क्रमानं दिसतात. पहिली दिसते ती चालते, बाकीच्या झाकल्या जातात. ‘रिस्टोअर डिफॉल्ट पाथ’ दिलं, की यादी मूळपदावर येते आणि एकेक टूलबॉक्स परत जोडता येतो. या दोन आज्ञा माहीत असतील, तर मॅटलॅबमधली बरीच रडारड थांबते.

याच्या पुढची पायरी म्हणजे परावलंबी टूलबॉक्स. पेशींच्या चयापचयाचं गणित मांडणारा कोब्रा टूलबॉक्स कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या बर्नहार्ड पॉल्सन यांच्या गटातून २००७ मध्ये पुढे आला. तिसरी आवृत्ती २०१९ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये छापली गेली. हा टूलबॉक्स गिटने क्लोन करायचा असतो, कारण त्याचे काही भाग वेगळ्या भांडारांतून ओढून आणले जातात. घाईत झिप फाइल उतरवली, तर ते भाग येतच नाहीत. कॉलेजच्या प्रॉक्सीमागे बसून क्लोन केलं, तर कधी कधी अर्धेच येतात. हे सगळं जमलं तरी समीकरणं सोडवण्याचं खरं काम कोब्रा करतच नाही. तो ते गुरोबी, सीप्लेक्स किंवा जीएलपीके अशा वेगळ्या सॉल्व्हरकडे सोपवतो. त्या सॉल्व्हरचा स्वतःचा परवाना असतो आणि मॅटलॅबच्या कुठल्या आवृत्तीशी त्याचं जमतं, हे वेगळं बघावं लागतं. सीप्लेक्सचंच बघा: १२.१० नंतरच्या आवृत्तीत आयबीएमने त्याची मॅटलॅबशी असलेली जोड काढूनच टाकली. म्हणजे जुन्या लेखातल्या सूचना अक्षर न् अक्षर पाळूनही नव्या सीप्लेक्सवर हात टेकावे लागणार. कोब्राच्या कर्त्यांनी एक चांगलं केलं. सुरुवातीची आज्ञा दिली, की कुठला सॉल्व्हर सापडला आणि कुठला नाही, याचा तक्ताच पडद्यावर येतो. तो तक्ता वाचायच्या आधीच लोक खाली जातात आणि शेवटची लाल ओळ कॉपी करतात, हा भाग वेगळा.

पायथनच्या राज्यात

आता मॅटलॅबच्या परवान्याचे पैसे परवडत नाहीत म्हणून, किंवा काळाची चाल म्हणून, बऱ्याच प्रयोगशाळा पायथनकडे वळल्या आहेत. तिथलं हे दृश्य कुणालाही ओळखीचं वाटेल. विद्यार्थी काळ्या खिडकीत ‘पिप इन्स्टॉल’ ही पॅकेज बसवायची आज्ञा देतो. उत्तर येतं, हे आधीच आहे. ज्युपिटर नोटबुकमध्ये जाऊन तेच इम्पोर्ट करतो. उत्तर येतं, असं मॉड्यूल नाही. दोन्ही उत्तरं खरी असतात, कारण ती दोन वेगळ्या पायथनांनी दिलेली असतात. एक पायथन ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेला, दुसरा कुठल्याशा शिकवणीच्या वेळी संकेतस्थळावरून उतरवलेला, तिसरा ॲनाकोंडाच्या पोटातला. खिडकीतला पिप एकाचा आणि नोटबुकचा कर्नल दुसऱ्याचा. नोटबुकमध्ये ‘सिस’ इम्पोर्ट करून ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापावं. जो पत्ता दिसेल, तोच पायथन पुढे ‘डॅश एम पिप’ लावून चालवावा. नुसता ‘पिप’ कधी म्हणू नये. एवढी एक सवय लागली, तरी प्रयोगशाळेतली निम्मी बोलावणी कमी होतील.

भूत आणखी एका खोलीत लपतं. लिनक्सवर सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, न वापरता पिप चालवला, तर वस्तू बऱ्याचदा घरच्या फोल्डरातल्या ‘डॉट लोकल’ या लपलेल्या जागी जाऊन पडतात. पुढे सहा महिन्यांनी ॲनाकोंडात नवं कोरं एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे एका कामापुरता पायथनचा वेगळा संसार, बनवलं, तरी त्याच आवृत्तीचा पायथन असेल तर तो त्या लपलेल्या जागेत आधी डोकावतो आणि जुनी वस्तू उचलून आणतो. एन्व्हायर्न्मेंट स्वच्छ असूनही एरर जुनाच! आणि काहींनी तर आपल्याच प्रोग्रॅमला ‘रँडम डॉट पीवाय’ असं नाव दिलेलं असतं. मग नमपाय सुरू होतानाच कोसळतो, कारण त्याला हवा असलेला रँडम आणि आपण लिहिलेला रँडम यांत पायथनला आपला जवळचा वाटतो.

विंडोजवर याला एक खास मराठी पदर आहे. लॅपटॉप नवा घेतला, की दुकानदार किंवा घरातलं कुणी मोठ्या प्रेमानं वापरकर्त्याचं नाव देवनागरीत टाकतं, नाहीतर नाव आणि आडनावामध्ये जागा सोडतं. त्याच नावाचा घरचा फोल्डर तयार होतो. जुन्या धाटणीची फोर्ट्रानची, मेकची किंवा कंपायलरची साधनं अशा पत्त्यावर अडखळतात. जागा आली, की त्यांना वाटतं पत्ता तिथेच संपला. देवनागरी आली, की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं. एररमध्ये याचा उल्लेखही नसतो. उपाय साधा आहे: सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचा, जागा न सोडलेला, छोट्या पत्त्याचा फोल्डर करा आणि सगळं काम तिथे करा. पत्ता छोटा एवढ्यासाठी, की विंडोजच्या कित्येक प्रोग्रॅमना २६० अक्षरांपलीकडचा पत्ता अजूनही झेपत नाही. आपल्या लिपीतलं नाव संगणकाला चालू नये, हे २०२० नंतरही सहन करावं लागतं याचा राग यायलाच हवा. पण तो राग प्रबंध जमा झाल्यावर काढावा.

उपायांची चळत

हा घोळ आजचा नाही. १९८५ मध्ये जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी नेटलिब सुरू केलं. ईमेल पाठवली, की गणिताची फोर्ट्रान रूटीनं परत ईमेलने येत. मूळ कोड पाठवायचं आणि बसवणाऱ्याने आपल्या यंत्रावर कंपाइल करून घ्यायचं, हीच तेव्हाची रीत होती. १९९१ पासून ऑटोकॉन्फने या रीतीला शिस्त लावली. ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ हा मंत्र तिथला. कॉन्फिगर हा प्रोग्रॅम संगणकाची चौकशी करतो आणि जे जे विचारलं ते ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फायलीत लिहून ठेवतो. आजही ज्याला मूळ कोडवरून काही बसवायचं आहे, त्याने ही फाइल वाचायला शिकलंच पाहिजे. आणि मेकच्या टप्प्यावर अडलं, तर पडद्यावरची शेवटची ओळ ‘मेक एरर २’ एवढंच सांगते. खरं कारण शंभर ओळी वर असतं.

पुढची पायरी म्हणजे आधीच कंपाइल केलेली वस्तू देणं. डेबियनसारख्या लिनक्सने हे फार आधी केलं. पायथनला उशीर लागला. सायपाय २००१ पासून आहे, पण त्याच्या पोटात फोर्ट्रान आहे आणि विंडोजवर फोर्ट्रान कंपायलर जुळवणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. विंडोजसाठीची तयार व्हील फाइल अधिकृत भांडारात आली ती १.० आवृत्तीबरोबर, ऑक्टोबर २०१७ मध्ये. मधली कित्येक वर्षं जगभरातल्या विंडोजवाल्या संशोधकांची भिस्त कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ख्रिस्तोफ गोल्के या संशोधकावर होती. तो शेकडो पॅकेजं स्वतः कंपाइल करून आपल्या प्रयोगशाळेच्या पानावर ठेवायचा. एवढ्या मोठ्या व्यवहाराचा डोलारा एका माणसाच्या सवडीवर उभा होता, हे लक्षात घेतलं की या क्षेत्राची नाजूक तब्येत कळते. २०२२ मध्ये त्या प्रयोगशाळेचा निधी संपला आणि ते पान थांबलं. सुदैवानं तोवर गरज बरीचशी संपली होती.

२०१२ च्या सुमारास आलेल्या कोंडा या पॅकेज व्यवस्थापकाने वेगळा विचार केला. नुसती पायथनची पॅकेजं न देता, त्यांच्या खालच्या सी आणि फोर्ट्रानच्या लायब्रऱ्याही त्यानं बरोबर द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक कामासाठी स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट दिलं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सामान्य संशोधकाला सर्वांत जास्त दिलासा याच कल्पनेनं दिला. पण तिच्याही खोडी आहेत. कोंडात पिप कालवला, की दोघांना एकमेकांनी काय टाकलं ते नीट कळत नाही. कुठली आवृत्ती कुणाशी जुळते याचं कोडं सोडवायला जुना कोंडा चहा पिऊन येईपर्यंत वेळ घ्यायचा. २०२३ मध्ये लिबमाम्बा हा नवा सॉल्व्हर कोंडाचा डिफॉल्ट झाला तेव्हा हे दुखणं कमी झालं. शिवाय २०२० मध्ये कोंडामागच्या ॲनाकोंडा कंपनीने अटी बदलल्या आणि दोनशेहून जास्त माणसांच्या संस्थांकडून स्वतःच्या चॅनलसाठी, म्हणजे पॅकेजांच्या भांडारासाठी, पैसे मागायला सुरुवात केली. शिक्षणासाठी सवलती असल्या, तरी संस्थेने अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोंडा-फोर्ज हा समूहानं चालवलेला चॅनल मोकळा आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्याने तोच वापरावा.

इतकं झालं तरी आवृत्त्यांचं वारं थांबत नाही. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आला आणि जुन्या नमपायवर कंपाइल केलेली पॅकेजं त्याच्यावर चालेनाशी झाली. बदल आवश्यक होता, कर्त्यांनी आधी सांगितलंही होतं. पण ‘नमपाय’ एवढंच लिहून आकडा न लिहिणाऱ्या शेकडो सूचनापत्रकांचे त्या दिवशी तीनतेरा वाजले.

महासंगणकांचं जग निराळं. तिथे एकाच यंत्रावर शेकडो जणांना वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असतात आणि सुडो कुणालाच मिळत नाही. ‘मॉड्यूल लोड’ ही आज्ञा तिथे १९९० च्या दशकापासून आहे. ती खरं तर पाथच्या यादीतच ढवळाढवळ करते, म्हणजे रोगाला औषध म्हणून वापरते! बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचं ईझीबिल्ड आणि अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचं स्पॅक यांनी कुठलं पॅकेज कुठल्या कंपायलरने आणि कुठल्या लायब्ररीवर बांधलं, हे सगळं पाककृतीसारखं लिहून ठेवायची सोय केली. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’सारख्या यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या होम फोल्डरात स्पॅक बसवून पाहावा. सुरुवातीला डोकं चढेल, पण प्रशासकाला पन्नास ईमेल पाठवण्यापेक्षा तो बरा.

शेवटची चाल म्हणजे सगळं घरच कंटेनरमध्ये भरून उचलून देणं. २०१३ च्या डॉकरने हे लोकप्रिय केलं. महासंगणकांवर डॉकरला लागणारे अधिकार देता येत नाहीत म्हणून बर्कली प्रयोगशाळेत सिंग्युलॅरिटी जन्मलं, जे आता ॲपटेनर नावाने ओळखलं जातं. कंटेनर चालतो, आणि चांगला चालतो. तरी दोन गोष्टी त्याच्या बाहेर राहतात: ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल आणि ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर. ग्राफिक कार्डावर गणित चालवणाऱ्या कूडाच्या बाबतीत लोक इथेच आपटतात. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या आज्ञेच्या वरच्या कोपऱ्यात कूडाचा जो आकडा दिसतो, तो बसवलेल्या कूडाचा नसतो. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कूडापर्यंत साथ देईल, त्याचा तो आकडा असतो. तो बघून ‘आहे की कूडा’ म्हणणारे रोज भेटतात.

निक्स आणि ग्विक्स या पॅकेज व्यवस्थापकांचा रस्ता मला सर्वांत मुळाशी जाणारा वाटतो. उट्रेख्ट इथल्या एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या प्रबंधातून निक्सची कल्पना पुढे आली. प्रत्येक वस्तूच्या पत्त्यातच ती कशापासून बनली याची खूण गुंफलेली असते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन वस्तू एकमेकींना झाकूच शकत नाहीत. म्हणजे वर सांगितलेल्या रोगाचं नेमकं निदान करून दिलेलं हे औषध. पण ते शिकायला इतकं कडू आहे, की वीस वर्षांत ते प्रयोगशाळांच्या दारापर्यंतच पोचलं.

खोडदची गोष्ट

हे सगळं आपल्या दारात कसं घडतं, याचं उत्तम उदाहरण नारायणगावजवळ खोडदला आहे. तिथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांना माहिती पुरवतात. त्या माहितीतून प्रतिमा काढायला सॉफ्टवेअर लागतं. या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाशपाहणीच्या, म्हणजे टीजीएसएसच्या, प्रतिमांवरचा निबंध २०१७ मध्ये छापला गेला. त्या प्रतिमा हाउब इंटेमा यांच्या ‘स्पॅम’ या सॉफ्टवेअरने काढल्या होत्या. स्पॅम पायथनमध्ये आहे, तो पार्सलटंग नावाच्या दुव्यातून एआयपीएसला हात घालतो, आणि एआयपीएस हे अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेचं १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनचं फोर्ट्रान सॉफ्टवेअर. पायथनही दुसऱ्या आवृत्तीचा, ज्याचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला.

म्हणजे अव्वल दर्जाचं विज्ञान देणारी साखळी, पण आजच्या नव्या लॅपटॉपवर ती सरळ बसणारी नाही. याला आळस म्हणणं हा अन्याय आहे. आयनांबरामुळे होणारी विकृती दुरुस्त करण्याची स्पॅमची जी पद्धत वर्षानुवर्षं घासूनपुसून सिद्ध झाली, ती केवळ पायथन बदलला म्हणून पुन्हा लिहायची, तर पुन्हा सिद्धही करावी लागते. अशा ठिकाणी कंटेनर हाच मार्ग शहाणपणाचा: जुनं घर जसंच्या तसं सीलबंद करून जपायचं. याच क्षेत्रातल्या कासा या दुसऱ्या सॉफ्टवेअरने सहाव्या आवृत्तीपासून पायथन ३ धरला आणि पिपने बसवायची सोयही दिली. तीही ठरावीक पायथन आवृत्त्यांपुरतीच असते, म्हणून एन्व्हायर्न्मेंट बनवताना पायथनचा आकडा आधी बघावा.

अडल्यावर काय करावं

आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मार’. त्याने दुखणं तात्पुरतं जातं, पण पुरावाही जातो, आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या. त्याऐवजी पहिला एरर शोधावा. शेवटचा असतो तो पहिल्याचा परिणाम. मग विचारावं, की यंत्राला कुठली प्रत सापडली? लिनक्सवर ‘व्हिच’ आणि ‘एलडीडी’, विंडोजवर ‘व्हेअर’, मॅटलॅबवर वरचं ‘व्हिच ऑल’. त्यानंतर रिकामं एन्व्हायर्न्मेंट करून फक्त तेवढीच एक वस्तू टाकून पाहावी. तिथे चालली, तर दोष शेजाऱ्यांत आहे. तिथेही नाही चालली, तर आता मदत मागावी, आणि मागताना ऑपरेटिंग सिस्टिम, आवृत्त्यांचे आकडे, दिलेली आज्ञा आणि पहिला एरर मजकूर म्हणून द्यावा. मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो कुणाच्याही उपयोगाचा नाही.

हल्ली लोक एरर सरळ एआय चॅटबॉटला देतात. ओळख पटवायला तो बरा आहे, पण दिलेली आज्ञा डोळे मिटून चालवू नये. पायथनच्या नियमांनुसार डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला मनाई आहे. ती मनाई उठवणाऱ्या पर्यायाचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असं ठेवलं आहे. इतकं स्पष्ट लिहूनही तो पर्याय सर्रास सुचवला जातो आणि सर्रास चिकटवलाही जातो. शिवाय चॅटबॉट कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव सांगतो, आणि त्या नावाचं पॅकेज एखाद्या भामट्याने मुद्दाम तयार करून ठेवलेलं असू शकतं.

शिकण्यासाठी मराठीत काही आहे का, तर आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅब, पायथन, लिनक्स यांचे छोटे दृक्‌श्राव्य धडे मराठी आवाजात मिळतात आणि त्याच संस्थेचा फॉसी प्रकल्प मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. काम मोलाचं आहे. अडचण एवढीच, की बसवण्याचा धडा सर्वांत लवकर शिळा होतो. धड्यात दिसणारी खिडकी आणि आपल्यासमोरची खिडकी जुळली नाही, की लहान गावातल्या कॉलेजातला विद्यार्थी तिथेच थांबतो. नवे धडे करण्याआधी जुन्या धड्यांची ही पहिली दहा मिनिटं दरवर्षी ताजी करायला माणूस नेमावा, असं मला वाटतं.

मग कुणी काय धरावं? विद्यार्थ्याने दर प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्न्मेंट, कोंडा-फोर्ज किंवा २०२४ पासून झपाट्याने पसरलेल्या यूव्हीने केलेलं, आणि त्याची लॉकफाइल, म्हणजे आवृत्त्यांच्या नेमक्या आकड्यांची यादी. निबंध छापायची वेळ आली, की कंटेनर. महासंगणकावर स्पॅक. मूळ कोडवरून बांधायचं ते फक्त कोडमध्ये बदल करायचा असेल तरच. निक्स आणि ग्विक्स ज्याला वेड आहे त्याने जरूर करावं, प्रयोगशाळेवर लादू नये. आणि प्रयोगशाळेत हे काम करणाऱ्याला ‘कॉम्प्युटरवाला मुलगा’ म्हणून फुकट राबवू नये. ब्रिटनमध्ये २०१२ पासून अशा माणसाला रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर हे नाव मिळालं, पुढे पदंही निघाली. आपल्या विद्यापीठांनी विभागाला एक तरी असं पद द्यावं.

मार्गदर्शकांना एक विनंती. प्रबंधाच्या परिशिष्टात रसायनांची कंपनी आणि उपकरणांचं मॉडेल आपण लिहायला लावतोच. तिथेच लॉकफाइलही जोडायला सांगा. आणि सही करण्याआधी दुसऱ्या गटातल्या नव्या विद्यार्थ्याला एक कोरा लॅपटॉप आणि तुमच्या विद्यार्थ्याने लिहिलेली सूचनांची फाइल द्या. तो जिथे अडेल ती ओळ दुरुस्त करून घ्या, मगच सही करा.